ऊसतोड टोळीतील तेरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. शिक्षिका म्हणून मी नेमके काय करावे?

प्रश्न : कृष्णाकाठची_शिक्षिका (१२ फेब्रुवारी)

मी सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या गावाबाहेर ओढ्यालगतच्या पडीक रानात दर वर्षी दिवाळीनंतर बीडकडची एक टोळी उतरते. यंदा अठरा कोयते (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) आले आहेत. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीच्या वेळी आम्ही त्यांच्या कोप्यांमधून (तात्पुरत्या झोपड्यांमधून) नऊ मुले शाळेत आणली. त्यांपैकी एक मुलगी सातवीच्या वर्गात बसते. तिच्या गावच्या शाळेने दिलेल्या शिक्षण हमी पत्रकावर जन्मतारीख आहे आणि त्याप्रमाणे तिला तेरा वर्षे पूर्ण झाली आहेत.

आठवड्यातून तीन दिवस ती येते. उरलेले दिवस ती आठ महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन कोपीपाशी असते, कारण आई पहाटेच फडात गेलेली असते. गणितात ती वर्गात सर्वांच्या पुढे आहे. वहीच्या शेवटच्या पानावर ती वडिलांच्या खेपांचे वजन लिहून ठेवते आणि काट्याची पावती व मुकादमाचा हिशेब यांतील फरक तिने दोनदा शोधून दिला, असे तिच्या आईनेच मला सांगितले.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती म्हणाली, “बाई, पट्टा पडला की माझं लगीन हाय.” पट्टा पडणे म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणे. मुलगा आत्याचा, बावीस वर्षांचा, दुसऱ्या टोळीत अर्धा कोयता म्हणून काम करणारा. पुढच्या हंगामाची उचल (मुकादम आगाऊ देतो ते पैसे) दोघांच्या नावावर मिळून ठरल्याचेही तिच्या बोलण्यातून कळले. मी काही विचारण्याआधीच तिने मला बजावले, की हे वडिलांना सांगू नका.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. मी तक्रार केली आणि टोळी रातोरात दुसरीकडे हलली, तर मुलगी आमच्या नजरेआड होईल. तक्रार माझ्या नावाने गेली, तर तिने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फुटल्याचे तिला कळेल आणि कदाचित मारही खावा लागेल. आणि तिला एखाद्या संस्थेत नेऊन ठेवले, तर आई-भावापासून तोडल्याचे पाप माझ्या माथी येईल. ज्यांनी असे प्रसंग जवळून पाहिले आहेत त्यांनी कृपया लिहावे. केवळ “१०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा” एवढे उत्तर नको. फोन केल्यानंतर काय होते हे मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : माजी_समिती_सदस्य

बाई, मी एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर काम केले आहे. म्हणून फोननंतर काय होते तेच सांगतो.

१०९८ वर फोन करणाऱ्याने स्वतःचे नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाते आणि तेथून बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याला कळवले जाते. आपल्या राज्यात गावपातळीवर ही जबाबदारी ग्रामसेवकाकडे आहे आणि अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. तुमच्या प्रकरणात मात्र दोन गावे आहेत, एक टोळी उतरलेले आणि एक त्यांचे मूळ गाव. लग्न बहुधा मूळ गावी किंवा आत्याच्या गावी लागेल. त्यामुळे केवळ सांगलीत कळवून भागणार नाही. बीड जिल्ह्याच्या कक्षालाही लेखी कळवले पाहिजे, आणि शिक्षण हमी पत्रकावर मूळ शाळेचे नाव असल्यामुळे ते काम तुम्हाला इतर कोणाहीपेक्षा सोपे आहे.

मुलीला संस्थेत टाकतील ही भीती मी प्रत्येक सुनावणीत ऐकली आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार, ज्या बालकाचे लग्न कायदेशीर वयाआधी लागण्याचा धोका अगदी जवळ आला आहे ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते, आणि म्हणून ते समितीपुढे येते. परंतु त्याच कायद्यात संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. ते मुलीशी स्वतंत्रपणे बोलतात, घरची चौकशी करवून घेतात आणि बहुतेक वेळा आई-वडिलांकडून हमीपत्र घेऊन तिला त्यांच्याच ताब्यात देतात. मूल दुसऱ्या जिल्ह्यातील असेल, तर प्रकरण त्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवता येते.

आता माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो. एका प्रकरणात आम्ही लग्न थांबवले, हमीपत्र घेतले, वर्तमानपत्रात बातमी आली आणि आम्ही सगळे खूश झालो. अकराव्या दिवशी शेजारच्या तालुक्यातील एका देवळात पहाटे चार वाजता तेच लग्न लागले. हमीपत्र हा आई-वडिलांच्या सहीचा एक कागद आहे. पुढे कोण विचारपूस करणार हे त्यावर लिहिलेले नसते. त्या प्रकरणानंतर मी आदेशात दर पंधरा दिवसांनी मुलगी प्रत्यक्ष कोणाला दाखवायची, त्या व्यक्तीचे पद आणि गाव लिहून घेऊ लागलो. तुम्हीही समितीपुढे हीच मागणी करा.

उत्तर २ : ऊस_बागायतदार

शिक्षकांच्या भावनेचा आदर आहे, पण दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी. आमच्याकडे फेब्रुवारीत ऊस तुटला नाही तर वजन घटते आणि पाण्याचा ताण वेगळाच. पोलीस कोप्यांवर आले की मुकादम टोळी उचलतो, हे मी पाहिले आहे. शिवाय त्या मुलीचे आई-वडील काही तिचे वैरी नाहीत. पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्या माणसांच्या घरगुती निर्णयात आपण घरी बसून किती हात घालायचा? हंगाम संपला की ती माणसे आपापल्या गावी जातील, तिथले लोक पाहून घेतील.

उत्तर ३ : बालाघाटची_परिचारिका

वरचा प्रतिसाद वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते. मी पाटोदा तालुक्यातली. माझ्या आई-वडिलांनी एकवीस हंगाम ऊस तोडला आणि त्यांतल्या सहा हंगामांत मी त्यांच्याबरोबर होते. आई-वडील वैरी नसतात, हे बागायतदार दादांचे म्हणणे खरे आहे. पण तेवढ्यावर थांबता येत नाही. वैरी नसताना ते लेकीचे लग्न तेराव्या वर्षी का लावतात, हे समजून घ्यावे लागते.

कोपी म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री किंवा पाचट. तिला दार नसते. गाडी भरायची असेल तर आई-बाप रात्री दोन-तीन वाजता फडात जातात. मागे राहते दहा-अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्या अंगावरची लहान भावंडे. माझी आई जाताना ताडपत्रीच्या दोरीला पातेले अडकवून जायची, कोणी बाहेरून ताडपत्री उचलली तर ते पडून आवाज व्हावा म्हणून. मी त्या पातेल्याकडे बघत जागी राहायचे. अशा ठिकाणी वयात आलेली मुलगी ठेवायची की गावी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडायची, हा प्रश्न दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे घराघरांत असतो. लग्न करून दिले की जबाबदारी दुसऱ्याची झाली, असे आई-बापाला वाटते.

दुसरे कारण उचलीचे. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात, जोडी असली की पूर्ण कोयता होतो आणि उचल त्या हिशेबाने मिळते. बावीस वर्षांच्या मुलाला बायको मिळाली की त्याची उचल वाढते. ही गोष्ट लग्नाच्या बैठकीत कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मुकादमाला लग्नाची तारीख पाहुण्यांच्या आधी माहीत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. बीड जिल्ह्यात ते चाळीस टक्क्यांच्या वर होते. एवढा फरक केवळ अज्ञानामुळे पडत नाही.

“तिथले लोक पाहून घेतील” हे वाक्य मी दोन्ही टोकांना ऐकते. सांगली-कोल्हापूरकडे म्हणतात की ती बीडची माणसे आहेत. आमच्याकडे म्हणतात की मुलगी सहा महिने इथे नव्हतीच, आम्हाला काय माहीत. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत लग्न लागते.

परिचारिका म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. लग्न लागल्यानंतर मदत करणे फार अवघड होते. पंधरा-सोळा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली, की पोक्सो कायद्यानुसार (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार) कळवणे आम्हाला बंधनकारक असते आणि ते योग्यही आहे. पण ही बातमी टोळ्यांमध्ये पोचल्यामुळे सासरचे लोक तिला दवाखान्यातच आणत नाहीत, किंवा आधार कार्डावर वय वाढवून आणतात. रक्त कमी, वजन कमी आणि बाळंतपण कोपीत, असे मी पाहिले आहे. त्यामुळे मॅडम, तुमच्याकडे आज जी दोन महिन्यांची मुदत आहे, ती आम्हाला बहुधा कधीच मिळत नाही.

मुलीने “वडिलांना सांगू नका” म्हटले आहे. तिला “मी कोणालाच सांगणार नाही” असे वचन मात्र देऊ नका. मला एका बाईंनी ते दिले होते आणि नंतर मोडले. त्याचा राग मला कितीतरी वर्षे राहिला. “मी कोणाला सांगणार आहे आणि का, ते आधी तुला सांगेन,” एवढेच म्हणा आणि तसेच वागा.

उत्तर ४ : तालुका_न्यायालयातील_वकील

कायद्याचा भाग थोडक्यात मांडतो, कारण यात अर्धवट माहितीने नुकसान होते.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ अन्वये अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह आपोआप रद्द होत नाही, हे अनेकांना माहीत नसते. तो त्या मुलीच्या इच्छेने रद्द ठरवून घेता येतो आणि त्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. तेरा वर्षांच्या मुलीने पुढे सासरी राहून न्यायालयात यावे, ही अपेक्षा कागदावरच राहते. म्हणून या कायद्यातील सर्वांत उपयोगी कलम तेरावे आहे. त्यानुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी विवाहाला मनाई हुकूम देऊ शकतात. अर्ज प्रतिबंधक अधिकारी करू शकतो, तसेच विवाह ठरल्याची प्रत्यक्ष माहिती असलेली कोणतीही व्यक्ती तक्रार करू शकते. एरवी समोरच्या पक्षाला आधी नोटीस द्यावी लागते, परंतु निकड असेल तर नोटीस न देताही अंतरिम मनाई मिळते. असा हुकूम झाल्यानंतर लग्न लावलेच, तर कलम १४ प्रमाणे तो विवाह पहिल्यापासूनच शून्य ठरतो. हमीपत्र आणि मनाई हुकूम यांतील फरक हा आहे. माजी सदस्यांनी सांगितलेल्या प्रकरणात हुकूम घेतला असता, तर देवळातील त्या लग्नाला कायद्याच्या दृष्टीने काहीच अर्थ उरला नसता.

हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सज्ञान नवऱ्याला, लग्न लावणाऱ्याला, त्यास चिथावणी देणाऱ्याला आणि ते होऊ देणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ११ खाली स्त्रीला कारावासाची शिक्षा देता येत नाही. त्यामुळे “आईला तुरुंगात टाकतील” ही भीती मुलीच्या मनातून काढता येईल. मुकादमाने उचलीच्या व्यवहारातून लग्नाला चालना दिल्याचे दिसले, तर तोही या कायद्याच्या कचाट्यातून सुटत नाही.

वयाच्या पुराव्याबद्दल दक्ष राहा. समितीपुढे वय ठरवताना बालन्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. आधार कार्डाला या क्रमात स्थान नाही. मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीचा साक्षांकित उतारा आजच मागवून ठेवा. ऐन वेळी अठरा वर्षांचे आधार कार्ड पुढे आले, तर तो उताराच कामाला येईल.

अक्षय्य तृतीयेचा उल्लेख या कायद्यात नावाने आहे. अशा दिवशी होणारे सामुदायिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारी स्वतःच प्रतिबंधक अधिकारी मानले जातात. पट्टा मार्चमध्ये पडला, तर तुमच्या मुलीचे लग्न अक्षय्य तृतीयेच्या सुमारास धरलेले असण्याची शक्यता मोठी आहे, हे बीडला लिहिताना नमूद करा.

लग्न होऊन गेले, तर प्रश्न पोक्सोचा होतो. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला संबंध बलात्कारच आहे असा निर्णय दिला आहे. गुन्ह्याची माहिती असून न कळवणे हाही पोक्सोखाली गुन्हा आहे आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्याला त्याच कायद्याने संरक्षण आहे. आणि एक विनंती. मुलीचे नाव, शाळा किंवा गाव येथे किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. तिची ओळख उघड करणे बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे शिक्षेस पात्र आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

पुन्हा : कृष्णाकाठची_शिक्षिका (१९ एप्रिल)

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. मध्ये बरेच घडले.

परिचारिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी आधी मुलीशी बोलले. ती दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, “सांगा, पर मी सांगितलं म्हनू नका.” मग मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळेच्या नावे, दोन्ही जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांना पत्रे गेली. कोप्यांवर गणवेशातील पोलीस गेले नाहीत. अंगणवाडी सेविका आणि ग्रामसेवक लसीकरणाची यादी घेऊन सर्वच कोप्यांत गेले आणि सगळ्या मुलांची वये लिहून आणली. त्यामुळे बोट एका घराकडे गेले नाही आणि टोळीही हलली नाही. बागायतदार दादांना हे मुद्दाम कळवते.

तिचे वडील समितीपुढे फार थोडे बोलले. “पोरीला ठिवू कुठं?” एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि त्यावर पहिल्या सुनावणीत कोणाकडे उत्तर नव्हते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मूळ तालुक्यातील न्यायालयाने मनाई हुकूम दिला. पट्टा पडला, टोळी गेली. मुलगी सध्या आजीकडे आहे आणि दर पंधरवड्याला तेथील अंगणवाडी सेविका तिला भेटते. मुलगी त्या दिवशी आजीच्या फोनवरून मला मिस कॉल देते.

खरी अडचण आता पुढे आली आहे. त्यांच्या गावची शाळा सातवीपर्यंतच आहे आणि आठवीचा वर्ग साडेचार किलोमीटरवर आहे. शिक्षण हक्क कायद्याने दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे मी त्या शाळेला लिहिले आहे. पण चौदा वर्षे पूर्ण होताच काय, आणि ऑक्टोबरमध्ये टोळी पुन्हा निघेल तेव्हा काय? हंगामी वसतिगृह सुरू व्हायला टोळ्या निघून गेल्यावर बरेच दिवस जातात, असे आजी सांगते. दुसरे म्हणजे मुकादम वडिलांना म्हणतो आहे, की दोघांच्या नावावर धरलेली उचल मी देऊन बसलो आहे, लग्न नाही तर पोरगीच फडात पाठव. यावर काय करावे?

उत्तर : बालाघाटची_परिचारिका

वसतिगृहासाठी मेमध्येच अर्ज करून ठेवा, ऑक्टोबरची वाट पाहू नका. हंगामी वसतिगृहाशिवाय संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची सरकारी योजना आहे आणि त्याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात होते. तालुक्यात कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय असेल, तर तेथे राहण्याची सोयही असते आणि आठवीचा वर्गही. आजीला एकटीने हे जमणार नाही. माझी सुट्टी मेच्या पहिल्या आठवड्यात आहे. समितीची परवानगी असेल तर मी आजीबरोबर जाईन. तुम्ही कक्षामार्फत माझ्याशी संपर्क साधा.

उत्तर : तालुका_न्यायालयातील_वकील

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्वच व्यवसायांत प्रतिबंधित आहे. घरच्या उद्योगाला शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची जी सवलत आहे, ती मुकादमाच्या टोळीला लागू होते असे मला वाटत नाही. अल्पवयीन मुलीच्या नावावर केलेला करार मुळातच शून्य आहे. आणि दिलेल्या उचलीच्या बदल्यात अमुक माणूस कामाला पाठव, असा दबाव असेल, तर १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी उचल कधी, किती आणि कोणाच्या नावे दिली, याचा काही ना काही पुरावा लागेल. मुकादम पावती देत नाहीत, हे मी जाणतो. तिच्या वहीचे ते शेवटचे पान अजून शिल्लक आहे का?

पुन्हा : कृष्णाकाठची_शिक्षिका

आहे. आजच तिला विचारले. खेपांच्या वजनाखाली तिने उचलीची रक्कम, तारीख आणि मुकादमाने कोणासमोर पैसे मोजले ते लिहून ठेवले आहे. वही आजीच्या पेटीत आहे. सोमवारी अंगणवाडी सेविका भेटीला जाईल तेव्हा त्या पानाचा फोटो काढून थेट समितीकडे पाठवेल.